चारशे सतरा नंबरची टेस्ट

नमस्कार मंडळी. या ग्रुपवर कुणी गूढ अनुभव लिहिला की खाली "लाईट गेले होते का?", "जेवण काय झालं होतं?", "दुसऱ्या कुणी पाहिलं का?" असले प्रश्न टाकणारी एक खवचट बाई आहे ना… ती मीच. चार वर्षं हेच करतेय. एकाला तर मी डॉक्टरकडे जा म्हणून सांगितलं होतं, त्याची आज जाहीर माफी मागते. कारण आता पाळी माझ्यावर आलीय, आणि माझ्याच प्रश्नांची उत्तरं मला देता येत नाहीयेत!

घाबरवणारं काही नाही हं यात. उलट आजही आठवलं की मला उठून खोलीत फेऱ्या माराव्याशा वाटतात.

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टर. राहते तळेगाव दाभाड्याला, कंपनी पुण्यात, बरेच दिवस घरूनच काम. आमची कंपनी डायलिसिस सेंटरसाठी एक वेबसाईट चालवते. पेशंट किंवा घरचं कुणीतरी मोबाईलवरून वेळ बुक करतं, हवी तर बदलतं. एका मशीनवर एका वेळी एकच माणूस. तिथे गडबड झाली तर "उद्या या" म्हणून भागत नाही हो… त्या माणसाचं रक्त त्या दिवशी शुद्ध व्हायचं राहतं.

या वेबसाईटसाठी आम्ही साडेसहाशेच्या आसपास ऑटोमॅटिक टेस्ट लिहून ठेवल्यात. म्हणजे एक प्रोग्रॅम माणसासारखा ब्राउझर उघडतो, नाव भरतो, बटणं दाबतो, आणि दिसायला पाहिजे ते दिसतंय का, आत तशी नोंद झालीय का बघतो. जुळलं तर हिरवं, नाही तर लाल. पण सगळ्या टेस्ट चालवायला पाच तास लागतात. म्हणून कोडमध्ये छोटा बदल झाला की त्या बदलाशी संबंध असलेल्या टेस्टच निवडायच्या. एक टूल यादी काढून देतं, त्यात आपण अनुभवानं चार घालायच्या. नळ गळायला लागला तर त्याच पाइपवरचे नळ बघतो ना आपण, तसं. फक्त कुठला नळ कुठल्या पाइपवर आहे हे भिंतीच्या आत असतं, दिसत नाही. माझा पगार त्या न दिसण्याचाच आहे म्हणा.

गेल्या थंडीतली गोष्ट. भातं झोडून झाली होती. माझे सासरे औंढ्याला असतात, लोणावळ्याजवळ. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. आबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि सासूबाई नेमक्या नणंदेच्या बाळंतपणाला चाकणला. संदीपला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कारखान्यात सुट्टी मिळेना. मग मीच लॅपटॉप घेऊन आठवडाभर औंढ्याला गेले. दर दोन तासांनी डोळ्यात थेंब घालायचे, थेंब घातल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून पडून राहायचं, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद.

आबांविषयी दोन गोष्टी लक्षात घ्या, कारण तुम्ही विचारणारच. एक – त्यांच्या उजव्या डोळ्यावर प्लास्टिकची भोकं असलेली वाटी चिकटवलेली होती आणि डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू तसाच होता. समोर कोण उभंय हे ते आवाजावरून ओळखायचे. दोन – त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे, इंग्रजी त्यांना येत नाही, आणि माझ्या कामाला ते "सूनबाईचं टायपिंग" म्हणतात.

त्या दिवशी सकाळपासून माझी धावपळ. दुसऱ्या दिवशी तळेगावच्या बाजूला एक नवीन सेंटर सुरू व्हायचं होतं. संध्याकाळी पाच वाजता नवीन कोड चढवायचा असं ठरलेलं. आणि साडेबाराला आमच्या ओंकारनं, ओंकार म्हणजे आमचा डेव्हलपर, हुशार पोरगा, त्यानं एक शेवटचा बदल पाठवला. तारीख निवडायची चौकट त्यानं नव्यानं लिहिली होती.

"ताई, छोटंसंच आहे," तो फोनवर म्हणाला. "फक्त तारखेची चौकट. तू वीस-पंचवीस टेस्ट चालव, झालं."

"तुमचं छोटंसंच माझ्या मानेवर बसतं, ओंकार."

"अगं खरंच! बाकी कशाला हातच लावला नाहीये."

टूलनं सत्तावीस टेस्टची यादी दिली. मी माझ्या मनानं चार घातल्या. एकतीस. लावल्या चालवायला. गावात रेंज नीट नाही, त्यामुळे फोन खिडकीच्या गजांत अडकवून हॉटस्पॉट लावलेला. दोनला पाच कमी असताना सगळ्या एकतीस हिरव्या! मी रिपोर्ट भरायला घेतला, तेवढ्यात दोनचा अलार्म वाजला. थेंब.

आबा पडवीत खाटेवर जेवून आडवे झाले होते. मी त्यांच्या डोळ्यावरची वाटी काढली, थेंब घातला, वाटी परत लावली आणि म्हटलं, "आबा, पाच मिनिटं डोळे मिटून. घोरायला हरकत नाही."

"व्हय," ते म्हणाले, आणि पडून राहिले.

मी शेजारीच खुर्चीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. दोनेक मिनिटं गेली असतील. आबा एकदम स्वच्छ आवाजात बोलले. झोपेतल्यासारखं बरळत नव्हते हो, शेजाऱ्याला निरोप द्यावा तसं –

"चारशे सतरा ऱ्हायलं बघ."

मला वाटलं औषधाचं वगैरे काही. "काय राहिलं, आबा?"

"चारशे सतरा. ती बाई मागं वळली की तिची पाळी जाती."

पाळी म्हणजे रांगेतली पाळी. आमच्याकडे पाण्याची पाळी असते ना, तीच.

"कोण बाई?"

"आगं ती काय… पायरीवर बसलीया. आत घे तिला."

मी चटकन उठून बाहेर पाहिलं. पायरीवर कुणीही नव्हतं. अंगणात कोंबड्या, लांब रस्त्यावर एक टेम्पो. मी परत वळले तर आबांचा श्वास एका लयीत चाललेला. गाढ झोप.

मला हसू आलं खरं तर. म्हटलं, शेतकरी माणूस, स्वप्नात कुणाच्या तरी पाण्याच्या पाळीवरून भांडण चाललेलं दिसतंय! बसले परत रिपोर्ट भरायला. पण तो आकडा डोक्यातून जाईना. चारशे सतरा… आणि मग एकदम लक्षात आलं की आमच्या टेस्टना नंबर असतात.

आता हे नीट वाचा, कारण इथेच सगळी गोम आहे. आमच्या टेस्टना नंबर असतात, पण ते आम्ही कुणीच वापरत नाही. आम्ही टेस्टला नावानं ओळखतो. यादीतला नंबरांचा रकाना कुणीतरी फार पूर्वी लपवून ठेवलाय, स्क्रीनवर दिसतच नाही. चारशे सतरा म्हणजे कुठली टेस्ट हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं! आबांनी माझं बोलणं ऐकलं असेल म्हणाल, तर जे मला माहीत नाही ते मी बोलणार कशी?

मी तो लपवलेला रकाना उघडला. खाली खाली गेले. चारशे बारा… चारशे पंधरा… चारशे सतरा.

टेस्टचं नाव इंग्रजीत होतं. मराठीत सांगायचं तर – 'वेळ बदलल्यावर पेशंट मागे गेला तर'.

मंडळी, मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. लॅपटॉप हातातच. मागे गेला तर! मागं वळली की!

ही टेस्ट टूलच्या यादीत नव्हती, माझ्या चारांतही नव्हती. असण्याचं कारणही नव्हतं. ती पावत्यांच्या विभागात पडलेली, तारखेच्या चौकटीशी तिचा काहीच संबंध नाही असं आमचे सगळे कागद सांगत होते. म्हटलं, चार मिनिटांची तर टेस्ट आहे. चालवून बघू. कुणाला सांगायचं नाही.

ही टेस्ट तीन वेळा चालते. एकदा कॉम्प्युटरवरच्या ब्राउझरमध्ये, एकदा नवीन मोबाईलवरच्या, एकदा जुन्या मोबाईलवरच्या. पहिली… हिरवी. दुसरी… हिरवी. मी श्वास सोडला आणि स्वतःलाच म्हटलं, "बघ, वेडाबाई!" तिसरी चालू असताना मी पाणी प्यायला आत गेलेसुद्धा. परत आले तर –

लाल.

काही टेस्ट लहरी असतात, कधी पास कधी नापास. म्हणून परत चालवली. लाल. हॉटस्पॉटचा घोळ नको म्हणून फोन हातात धरून अंगणाच्या टोकाला जाऊन परत चालवली. लाल! आणि खरं सांगते, भीती नाही वाटली. तो लाल ठिपका बघून मला जो आनंद झाला ना, तसा मला पगारवाढ मिळाल्यावरही झाला नव्हता. मी ओंकारला फोन लावला.

"ओंकार, मागे जाण्याची टेस्ट नापास होतेय. जुन्या फोनवर."

"कुठली? ती पावतीवाली? ती तू कशाला चालवलीस?"

"ते नंतर. तू व्हिडिओ बघ."

आमच्या टेस्टचा व्हिडिओ निघतो. त्यात दिसत होतं की पेशंटनं वेळ बदलली, मग मागे जायचं बटण दाबलं, आणि स्क्रीनवर ठसठशीत अक्षरात 'तुमची वेळ पक्की आहे'. सगळं छान. मग लाल कशाला?

ओंकार कोडमध्ये शोधायला लागला. मला त्याच्या कीबोर्डचा आवाज ऐकू येत होता. मग तो हळू आवाजात म्हणाला, "ताई… स्क्रीनवर पक्की दिसतेय. पण आत ती वेळ मोकळी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे दुसरं कुणीही ती घेऊ शकतं. आणि पहिल्याला कळणारच नाही. तो येऊन बसेल, आणि त्याच्या मशीनवर दुसरा माणूस असेल."

त्याचं झालं असं होतं की वेळ राखून ठेवायचं काम त्यानं नकळत त्या नव्या चौकटीत हलवलं होतं. नवीन फोनवर ते चालत होतं. जुन्या फोनवर मागे गेलं की ती राखलेली वेळ गुपचूप सुटत होती. आणि आमच्या सेंटरला येणाऱ्या गावाकडच्या निम्म्या घरांत जुनेच फोन! एकतीस हिरव्या टेस्टच्या जोरावर पाच वाजता आम्ही हे चढवणार होतो.

पुढचे दोन तास म्हणजे नुसती पळापळ. ओंकारनं दुरुस्ती पाठवली, मी तपासली, परत लाल, परत दुरुस्ती. चारला अलार्म झाला, थेंब घातले, तेव्हा आबा जागे होते. मी विचारलं, "आबा, मघाशी चारशे सतरा कशाला म्हणालात?"

"कोन, मी? मला तर झोप लागलती."

"पायरीवर बाई बसलीय म्हणालात."

"मला हितं बसलेली तू दिसंना, पायरीवरली बाई कुठनं दिसायची?" आणि हसायला लागले. "डोळ्याचं अवशीद टाळक्यात गेलं म्हनावं डाक्टरला."

पाचला दहा कमी असताना चारशे सतरा तिन्ही ठिकाणी हिरवी झाली. मी पडवीत एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या मावशी कुंपणापाशी येऊन विचारून गेल्या, पोरगा झाला का नणंदेला म्हणून!

इथेच संपलं असतं तर मी याला योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. खरंच. साडेसहाशेतला एक आकडा, लागला मटका. पण दुसऱ्या दिवशी संदीपनं कशीबशी रजा काढली, तो आबांजवळ थांबला आणि मी पहिल्या दिवसाच्या मदतीसाठी नवीन सेंटरला गेले. अडचण आली तर कंपनीचं कुणीतरी हजर असावं म्हणून.

काउंटरवरच्या सिस्टरांशेजारी मला खुर्ची दिली होती. साडेआठच्या सुमाराला एक काका आले. पन्नाशीचे, डोक्याला मफलर, हातात काच तडकलेला जुना फोन. त्यांनी तो फोन माझ्यासमोर धरला.

"ताई, जरा बघा की. लोहगडवाडीस्नं आलोय. आमचं हाटेल हाय तितं, गडाखाली. आज गिऱ्हाईकाला आवरून यायला उशीर व्हनार म्हून सकाळी मोबाईलवर येळ बदलली. मंग वाटलं काय तरी चुकलं, म्हून मागं गेलो. हितं पक्की दिसतीया, पन मनाला पटंना. पाळी ऱ्हायली का गेली?"

मागं गेलो. जुना फोन. मी सिस्टिम उघडली. त्यांनी बदललेली वेळ, नऊची, त्यांच्या नावावर घट्ट बसलेली होती. पत्नीसाठी बुक केलेली.

"आहे काका," मी म्हटलं. "राहिलीय. नऊची तुमचीच आहे."

त्यांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला! "लय बरं झालं. आदुगर पुन्याला न्यायचो तिला, आटवड्यातनं दोनदा. आज पैल्यांदा हितं. हितंबी परत पाठीवलं आसतं तर तिनं परत यायचं नावच घेतलं नसतं. आदीच नको म्हनत हुती."

"काकू कुठायत?"

"ती काय," ते दाराकडे बोट दाखवत म्हणाले. "पायरीवर बसलीया."

मंडळी, मी टेस्टर आहे. मला भलत्या गोष्टी जुळवायची सवय नाही, उलट जुळलेल्या उसवायची आहे. पण त्या क्षणी माझ्या अंगावर जो काटा आला तो मानेपासून पायापर्यंत गेला. मी काउंटरमागून उठले, दारापर्यंत गेले. पायरीवर शाल पांघरून एक बाई बसली होती, चेहरा सुजलेला, पाय सुजलेले, हातात प्लास्टिकची पिशवी. मी खाली वाकले आणि म्हटलं, "काकू, चला. आत चला."

त्यांनी माझ्याकडे जरा अविश्वासानंच पाहिलं. "हाय का नंबर?"

"आहे."

माझा हात धरून त्या उठल्या. नऊला पाच कमी असताना त्या मशीनवर होत्या. मी बाहेर बाकावर बसून रडले, हसले, दोन्ही एकदम. सिस्टरांना वाटलं माझं कुणी नातेवाईक आहे.

आता तुमचे प्रश्न. म्हणजे माझेच.

आदल्या दिवशी मी चारशे सतरा कुठे बोलले होते का? ओंकारशी झालेले सगळे कॉल रेकॉर्ड होतात, मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले, दोनदा. आबांनी बोलायच्या आधी तो आकडा कुणाच्याही तोंडी नाही. आबा त्या काकाकाकूंना ओळखतात का? नाही. लोहगडवाडीला ते तरुणपणी कधीतरी गेले असतील तेवढंच. स्वप्न? असेल की! पाण्याच्या पाळीचं स्वप्न पडलं असेल, मान्य. बाईही स्वप्नातली, पायरीही स्वप्नातली. पण मग आकडा? आणि तोच आकडा? ओंकार म्हणतो, "ताई, योगायोगाची शक्यता काढता येते." मी म्हटलं काढ. त्यानं काढली, आणि परत पहिल्यापासून काढायला बसला.

त्या संध्याकाळी औंढ्याला परतल्यावर मी आबांना सगळं सांगितलं. काकू, पायरी, नऊची वेळ. मला वाटलं होतं हसतील, नाहीतर कुठल्या देवाचं नाव घेतील. तसलं काही नाही.

"त्या बाईला मशीन गावली न्हवं?" त्यांनी विचारलं.

"मिळाली."

"मंग झालं तर," ते म्हणाले. "कुनाची पाळी जाऊ ने." आणि वाटी लावलेला चेहरा माझ्याकडे वळवून म्हणाले, "च्या टाक."

त्यानंतर त्यांच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. मी मुद्दाम रजा टाकून गेले होते, लॅपटॉप घेऊन, खोटं कशाला बोलू! पाच दिवस थेंब घातले, प्रत्येक वेळी कान लावून बसले. आबा फक्त घोरले.

आमच्या कंपनीत एक पद्धत आहे. मुद्दाम निवडलेल्या प्रत्येक टेस्टपुढे 'ही का निवडली' असा एक रकाना भरावा लागतो. 'या फाईलमध्ये बदल झाला', 'पूर्वी एकदा नापास झाली होती', 'अनुभवावरून', असं काहीतरी. त्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये बत्तीस टेस्ट आहेत. एकतीस रकाने भरलेले आहेत. आमच्या मॅडमनी दोनदा मेल केला, "एक कारण राहिलंय, भरून टाक." मी दोन्ही वेळा ती फाईल उघडली, कर्सर तिथे नेऊन ठेवला, आणि काय लिहावं ते सुचलं नाही म्हणून बंद केली.

तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर सांगा. मी खरंच भरेन.